भावाचं पोट शिवलंच नव्हतं

गाळप हंगामातली रात्र होती. कागलहून घरी येताना धाकट्या भावाची मोटारसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली आणि हँडलचं टोक पोटात बसलं. बाहेरून फक्त एक गोल वळ. मुका मार आहे, असंच आम्ही धरून चाललो. कोल्हापुरात पोचेपर्यंत तो पांढराफटक पडला होता आणि बीपी लागत नव्हतं. त्याला थेट थिएटरमध्ये नेलं.

तासाभरानं सर्जन बाहेर आले. "रक्तस्राव थांबवलाय. ड्युओडेनम फाटलंय, तिथं सध्या नळी ठेवलीय. पोट शिवलेलं नाही."

"म्हणजे ऑपरेशन अर्धवट?" माझा आवाज चढला. काका तर पुण्याला हलवायचं बोलू लागले.

डॉक्टर बाकावर आमच्याशेजारी बसले आणि कागदावर चित्र काढून सांगू लागले. ड्युओडेनम म्हणजे जठरानंतरचा लहान आतड्याचा हा पहिला, वळलेला भाग. मागे पाठीचा कणा, कुशीत स्वादुपिंड, पित्तनलिका इथंच उघडते. त्यामुळे खराब भाग कापून टोकं जोडली, असं इथं सहज होत नाही. शिवाय पित्त आणि पाचकरस सतत वाहत असतात, टाका उसवायची भीती कायम. "आत्ता त्याचं अंग गार पडलंय, रक्तात आम्ल वाढलंय, रक्त गोठत नाहीये. अशात तीन-चार तास शिवत बसलो तर तो टेबलावरच जाईल. आधी त्याला सावरू द्या." पोटात कापडाच्या घड्या दाबून वरून तात्पुरतं आवरण लावलं होतं.

मी सही केली. आयुष्यात इतका हात कधी थरथरला नव्हता.

रात्रीत तालमीतली पोरं रक्त द्यायला आली, कुणाला फोनसुद्धा करावा लागला नाही. आयसीयूत त्याला ऊब, रक्त आणि प्लाझ्मा देत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्थिर झाला, तेव्हा परत आत नेलं. घड्या काढल्या आणि भोक आडवं शिवलं, म्हणजे आतडं अरुंद होत नाही. शेजारी ड्रेन, म्हणजे आत गळणारं बाहेर पिशवीत आणणारी नळी, ठेवला. अन्नासाठी पुढच्या आतड्यात वेगळी नळी घातली. त्या नळीचं महत्त्व मला नंतर कळलं.

कारण नवव्या दिवशी ड्रेनमध्ये हिरवं पित्त आलं. टाका गळत होता. ही शक्यता आधीच सांगितली होती, तरी माझे पाय गळाले. पण गळणारं सगळं ड्रेनमधून बाहेर येत होतं, पोटात साचत नव्हतं. म्हणून तिसरं ऑपरेशन टळलं. तोंडानं पाण्याचा थेंबही बंद, पोषण सगळं त्या नळीतून. मी रोज सकाळी ड्रेनच्या पिशवीतलं माप वहीत लिहायचो. पाचव्या आठवड्यात त्या रकान्यात सलग शून्य येऊ लागलं. मग एका दुपारी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आईनं त्याला चमच्यानं भाताची पेज भरवली.