सिनेमातल्या वाटा, पायी

व्हेनिस, गुरुवार रात्र

आईला गोंडोलात बसायचंच होतं. कारण मला लहानपणापासून ठाऊक आहे: १९७९चा 'द ग्रेट गॅम्बलर' आणि त्यातलं ते व्हेनिसचं गाणं. नावाडी इटालियनमध्ये सूर लावतो, अमिताभ नुसता बोलतो आणि मग झीनत अमानसाठी आशाताईंचा आवाज येतो. घरी रेडिओवर ते लागलं की आईचं लाटणं थांबायचं. अर्ध्या तासाचे ९० युरो मोजून आम्ही बसलो. आमचा नावाडी गाणारा नव्हता, त्याचं सगळं लक्ष वळणांवर होतं. आईने थोडा वेळ दोन्ही काठांची घरं पाहिली आणि मग स्वतःच सुरुवात केली. दोन्ही अंतरे, सगळे शब्द. तिच्या तोंडून ते गाणं इतकं सलग मी आज पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी काम्पो सान बार्नाबाला गेलो. छोटा चौक, एका अंगाला चर्च, समोर कालवा, कालव्यात भाजी विकणारी होडी. डेव्हिड लीनच्या १९५५च्या 'समरटाइम'मध्ये कॅथरिन हेपबर्न फोटो काढत मागे मागे सरकते आणि इथेच पाण्यात पडते. तिने ती उडी स्वतः घेतली होती आणि त्या पाण्याने डोळ्यांना झालेला संसर्ग तिला जन्मभर पुरला. चर्चच्या पायरीपासून काठापर्यंत मी चालून पाहिलं. काही पावलांचंच अंतर. पडद्यावर ती किती वेळ मागे जात राहते! आपला जीव टांगणीला लावण्यासाठी दिग्दर्शकाने एवढ्याशा जागेतून केवढा वेळ काढलाय, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

रोम, शनिवार

सकाळी लवकर उठून कोलोना घराण्याच्या वाड्यात गेलो. शनिवारी सकाळी तो लोकांना पाहता येतो. 'रोमन हॉलिडे'चा शेवट इथला: राजकन्या झालेली ऑड्री हेपबर्न पत्रकारांना भेटते, निघून जाते, बाकीचे पांगतात आणि तिच्यावर जीव जडलेला पत्रकार, म्हणजे ग्रेगरी पेक, त्या लांबलचक दालनातून एकटा चालत येतो. वर छतावर लेपांतोच्या लढाईची चित्रं, भिंतींना आरसे आणि सोनं, मध्ये पायऱ्यांवर एक तोफगोळा. १८४९ साली फ्रेंच फौजेने डागलेला तो गोळा जिथे येऊन पडला तिथेच आजही आहे. दिग्दर्शक वायलरने हा चित्रपट हॉलिवुडच्या स्टुडिओत न करता रोममध्येच करायचा हट्ट धरला, हे किती योग्य होतं ते या दालनात पटतं. पेकने खिशात हात घातलेत, चेहऱ्यावर फारसं काही नाही. अभिनय करतंय ते अंतर. मी त्याच टोकापासून दारापर्यंत त्याच्या चालीने चालत आले. मध्येच वळून मागे बघावंसं वाटतं, तो मोह आवरत नाही. पेकही वळतो.

ही कथा लिहिणारा डाल्टन ट्रम्बो त्या वेळी हॉलिवुडच्या काळ्या यादीत होता, म्हणजे कम्युनिस्ट म्हणून त्याला काम द्यायला बंदी होती. पडद्यावर नाव लागलं त्याच्या मित्राचं, कथेचं ऑस्करही त्याच्याच नावावर गेलं. ट्रम्बोच्या नावाने ते दिलं गेलं १९९३ साली, तो जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. या शहरावरची सगळ्यात मोकळी, सगळ्यात हसरी गोष्ट अशा माणसाने लिहिली ज्याला स्वतःचं नाव लावायचीही मुभा नव्हती. आईला हे वाड्यातच सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

व्हिया मार्गुत्ता ५१ पाहिलं. पत्रकाराची खोली त्या आवारात होती. स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसायला मनाई आहे, त्यामुळे ऑड्री हेपबर्नसारखं आइस्क्रीम खात टेकता येत नाही. सत्याच्या मुखासमोर, म्हणजे खोटं बोलणाऱ्याचा हात चावतो अशी दंतकथा असलेल्या दगडी चेहऱ्यासमोर, रांग होती, एकेकाला हात घालून फोटो काढण्यापुरता वेळ. आम्ही जाळीबाहेरूनच पाहिलं आणि निघालो.

रोम, रविवार

आजच्या दिवसासाठी मी इटलीला आले.

डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज', पोस्टरं चिकटवायच्या नोकरीसाठी लागणारी सायकल चोरीला गेल्यावर ती रोमभर शोधणाऱ्या बापलेकांची गोष्ट, मी पुण्यात, लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात पाहिला, कॉलेजच्या वयात. तेव्हापासून अंतोनिओ आणि ब्रूनो हे बापलेक माझ्या माणसांत आहेत. म्हणून आज त्यांच्या रविवारासारखाच रविवार काढायचं ठरवलं होतं, फक्त उलट्या क्रमाने: आधी बाजार, मग चोरीची जागा, शेवटी घर.

पोर्ता पोर्तेसेचा बाजार अजूनही रविवारीच भरतो. जुने कोट, प्लगची खोकी, चिनी बनावटीच्या चपला, कुणाच्या तरी घरातले चांदीचे चमचे. चित्रपटात इथेच पाऊस कोसळतो आणि बापलेक भिंतीला चिकटून उभे राहतात. शेजारी पाद्री होऊ घातलेली तरुण पोरं अनोळखी भाषेत बोलत असतात. आज लख्ख ऊन होतं. सायकलीचे सुटे भाग विकणारा एक जण दिसला. चाकं, घंट्या, सीट वेगवेगळे मांडलेले. ब्रूनो एकेका घंटीकडे, पंपाकडे बघत फिरतो ते आठवून माझ्या पोटात कालवलं.

पियात्सा व्हित्तोरिओच्या उघड्या चौकात तेव्हा जो बाजार होता, तो आता जवळच्या जुन्या बराकींच्या इमारतीत गेलाय. आत शिरल्याबरोबर आईचा चेहरा खुलला: भेंडी, कारली, कोथिंबीर, हळद. विकणारे बरेचसे बांगलादेशी. एकाशी तिने हिंदीत भाव केला आणि त्याने मिरच्या वर घातल्या. आज डी सिकाला पोट भरायला धडपडणारा बाप हवा असता तर त्याने या माणसांतूनच निवडला असता, असं मला मनापासून वाटतं. त्याने तेव्हा तेच केलं होतं. हॉलिवुडच्या निर्मात्याने कॅरी ग्रँटला घ्यायची अट घातली, ती त्याने नाकारली आणि लाम्बेर्तो माज्जोरानी नावाच्या कारखान्यातल्या कामगाराला अंतोनिओ केलं. चित्रपट जगभर गाजला आणि माज्जोरानीची मात्र कारखान्यातली नोकरी गेली. ज्या माणसाने बेकारीला चेहरा दिला, त्याच्याच वाट्याला ती आली. ब्रूनो झालेला एन्झो स्तायोला २०२५ साली वारला. बातमी वाचली त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आले होते.

हाच चित्रपट १९५२ साली मुंबईत भरलेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला, आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारा बाप आणि बूटपॉलिश करणारा मुलगा. आईने तो पाहिलाय. बाजारात उभं राहून मी तिला दोन्ही गोष्टी एकापुढे एक सांगितल्या. "म्हणजे ही आपलीच माणसं," एवढंच ती म्हणाली.

मग बोगदा. 'गिल्डा' या हॉलिवुडपटाचं पोस्टर चिकटवत असताना अंतोनिओची सायकल पळवतात आणि तो चोरामागे ज्या बोगद्यात धावतो तो त्राफोरो उंबेर्तो पहिला. आज तिथून बस, स्कूटर, टॅक्सी अखंड वाहतात. कडेच्या पदपथावरून आम्ही आरपार गेलो. आवाज इतका घुमतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अंतोनिओ इथे ओरडला असेल तर कुणाला ऐकू गेलं असणार?

दुपारनंतर मेट्रोने व्हाल मेलायना. मुसोलिनीच्या काळात शहराबाहेर बांधलेल्या कामगार वसाहतींपैकी ही एक. चित्रपटात बायका चौकातल्या नळावरून बादल्या भरून नेतात, कारण घरात पाणी नाही. आता भवती दुकानं आहेत, गाड्या लावायला जागा नाही, गॅलऱ्यांत कपडे वाळताहेत. पर्यटक म्हणून आम्ही दोघीच. त्या उंच, सरळ इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत आई उभी राहिली आणि तिने विचारलं, "इथून तो बोगदा किती लांब?" सहा-सात किलोमीटर तरी असेल, मी म्हटलं. "मग सायकल गेल्यावर हा माणूस रोज कामाला कसा जाणार होता?"

कितीदा हा चित्रपट पाहिला, त्यावर वाचलं, मैत्रिणींशी वाद घातले, पण सायकलीचं मोल असं किलोमीटरमध्ये माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. नोकरीची अटच सायकल होती हे माहीत होतं. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवून आणते हेही माहीत होतं. पण ते घर शहरापासून किती तुटलेलं होतं, हे आज मेट्रोची एकेक स्टेशनं मागे टाकत आल्यावर कळलं. सिनेमा अंतर कापतो, एका दृश्याला दुसरं जोडतो आणि मधला रस्ता गाळतो. तो गाळलेला रस्ता त्या माणसांनी मात्र चालून काढलेला असतो.

रोम, सोमवार

पिन्येतो. व्हिया मोंतेकुक्कोली, घर क्रमांक १७.

इथे लिहायला हात जड होतोय. जर्मनांच्या ताब्यातल्या रोमवरच्या, रोस्सेलिनीच्या 'रोम, ओपन सिटी'तली पिना, म्हणजे आन्ना मान्यानी, या दारातून बाहेर पडते आणि होणाऱ्या नवऱ्याला नेणाऱ्या जर्मनांच्या ट्रकमागे हात उंचावून धावते. गोळी लागते. ती रस्त्यावर कोसळते, पोरगा येऊन तिच्यावर पडतो. गल्ली लहान आहे. पिना फार लांब धावतच नाही, तिला तेवढा रस्ताच मिळत नाही. माझ्या आठवणीत मात्र ती कितीतरी वेळ धावत होती.

पिनामागे खरी बाई आहे. तेरेझा गुल्लाचे, पाच मुलांची आई आणि पोटात सहावं. पकडून नेलेल्या नवऱ्याला भेटायला ती व्हियाले जुलिओ चेझारेवरच्या बराकींसमोर आली आणि ३ मार्च १९४४ला जर्मन सैनिकाने तिला गोळी घातली. चित्रपटातल्या पाद्र्यामागे दोन खरे पाद्री आहेत: फोस्से आर्देआतीनेच्या खाणीत इतर ३३४ जणांबरोबर मारले गेलेले पिएत्रो पाप्पागाल्लो आणि त्यानंतर काही दिवसांनी गोळ्या घातलेले जुझेप्पे मोरोझिनी. जून १९४४मध्ये रोम सुटलं आणि १९४५च्या सुरुवातीला रोस्सेलिनी शूटिंग करत होता. म्हणजे या गल्लीत जे बघे उभे असतील त्यांनी तसला ट्रक खराखुरा पाहिलेला होता. मान्यानी धावली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी तिथून निघेपर्यंत करत राहिले.

रस्त्यावर शूटिंग करण्याची ही रीत निवडीपेक्षा गरजेतून आली. १९३७ साली मुसोलिनीने थाटात उघडलेली चिनेचित्ता ही चित्रनगरी बॉम्बहल्ल्यांनी पडझडली होती आणि युद्ध संपता संपता तिथे बेघर निर्वासितांची छावणी झाली होती. स्टुडिओत माणसं राहत होती, म्हणून कॅमेरा माणसं राहतात त्या गल्ल्यांत आला.

दुपारी तेही आवार पाहिलं. दिग्दर्शक फेलिनीचं लाडकं पाच नंबरचं स्टुडिओघर बाहेरून भलंमोठं आणि अगदी साधं आहे. 'ला डोल्चे व्हिटा'साठी त्याने व्हिया व्हेनेतो हा रस्ता चिनेचित्तात उभा करून घेतला, आणि १९९३ साली त्याचं पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी याच पाच नंबरात ठेवलं होतं. त्रेव्हीचं कारंजं मात्र खरं. रात्री तिथे गेलो, गर्दीत पाणी जेमतेम दिसलं. १९९६च्या डिसेंबरात त्या चित्रपटाचा नायक मास्त्रोयान्नी गेला तेव्हा रोमने हे कारंजं बंद करून त्यावर काळं कापड टाकलं होतं. एखाद्या शहराने नटाचं सुतक असं पाळावं, याचं मला फार अप्रूप आहे.

प्रोचिदा, बुधवार

नेपल्सहून सकाळच्या बोटीने आलो. कोरिचेल्लाचं बंदर पाहून आई हरखली: पिवळी, गुलाबी, आकाशी घरं, एकमेकांच्या खांद्यावर चढलेले जिने, खाली जाळी पसरलेली. 'इल पोस्तिनो'तली, म्हणजे कवी नेरुदाला पत्रं पोचवणाऱ्या मारिओ या पोस्टमनच्या चित्रपटातली, खानावळ याच धक्क्यावर होती. नेरुदाचं घर मात्र इथे नाही, ते दूर सिसिलीच्या उत्तरेला सालिना बेटावर. पडद्यावर पोस्टमन सायकलवर टांग मारून कवीच्या दारी पोचतो, पण मध्ये अख्खा समुद्र आहे.

कोरिचेल्लात गाडी येत नाही, वर जायला जिनेच. आईचे गुडघे दुखायला लागले, म्हणून एकेका टप्प्यावर बसत चढलो. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा मी तिला मारिओ झालेल्या मास्सिमो ट्रोइसीची गोष्ट सांगितली. त्याचं हृदय निकामी होत आलं होतं. प्रत्यारोपण पुढे ढकलून त्याने हे काम हाती घेतलं. दिवसातून थोडा वेळच त्याला उभं राहता येई, लांबून दिसणारी सायकलची दृश्यं दुसऱ्याने केली. जवळून दिसणारा चेहरा तेवढा त्याचा. चित्रीकरण संपलं आणि दुसऱ्या दिवशी, ४ जून १९९४ला, तो गेला. वय ४१.

आईने विचारलं, "त्याला माहीत होतं?"

माहीत होतंच. आता परत पाहीन तेव्हा मारिओच्या त्या संथ, अडखळत्या बोलण्यात मला या जिन्यांवरचा दम दिसेल, आणि तरी त्याने त्या पात्राला केवढा लाजरेपणा, केवढी ओढ दिली! चित्रपट म्हणून 'बायसिकल थीव्ह्ज' मोठा आहे, यात मला शंका नाही. पण नटाने स्वतःच्या आयुष्यातून काढून दिलेले दिवस असे दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मी पाहिलेले नाहीत.

पोत्सो व्हेक्कियोच्या किनाऱ्यावर दुपार काढली. वाळू काळसर, ज्वालामुखीची. आईने चपला काढून पाण्यात पाय सोडले आणि डब्यातली दशमी खाल्ली.

ट्रोइसी सान जॉर्जो अ क्रेमानोचा, नेपल्सला लागूनच. लोकलने जाता येतं. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, सकाळीच जाऊन यायचं ठरलंय.