पोचपावतीवर तारीख नसेल तर कायदा सुरूच होत नाही

सरकारी सेवा आणि दाखले ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. मध्य प्रदेशने असा कायदा २०१० मध्येच केला होता. असाच हक्क देऊ पाहणारं केंद्राचं नागरिक सनदेचं विधेयक मात्र २०११ मध्ये मांडलं गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. त्यामुळे दाखला वेळेत मिळणं हा हक्क आहे की मेहेरबानी, हे आपण कुठल्या राज्यात राहतो यावर ठरतं.

कायद्याची रचना सोपी आहे. सेवा अधिसूचित करायची, तिची मुदत ठरवायची, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला) कोण आणि अपील कुणाकडे ते कार्यालयात फलकावर लावायचं. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, जातीच्या दाखल्याला ४५. यंत्रणा अडते ती त्याच्याही आधी, अर्ज आत घेतानाच.

मुदत मोजली जाते ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. सगळी मेख या ‘परिपूर्ण’मध्ये आहे. अर्ज मिळाला की पोच द्यायची आणि तीवर अर्जाचा विशिष्ट क्रमांक, मिळाल्याची तारीख व ठिकाण, निकालाची मुदत हे सगळं असायला हवं. प्रत्यक्षात दहावी-बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्रावर झुंबड उडते, तेव्हा कागदपत्रं नुसती ‘ठेवून घेतली’ जातात. ऑनलाइन नोंद होते चार दिवसांनी. हे चार दिवस कुठल्याच हिशेबात येत नाहीत आणि अहवालात कार्यालय शंभर टक्के वेळेत दिसतं.

नोंद होतानाही अडतं. ऑनलाइन अर्ज भरायच्या ‘आपले सरकार’ या राज्याच्या पोर्टलला फोटो ५ ते २० केबीचा लागतो आणि कागदपत्र ७५ ते ५०० केबीचं. मोबाइलवर काढलेला सातबाऱ्याचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. तो दाबून बसवला की अक्षरं पुसट होतात आणि कारकुनाच्या लॉगिनमधून अर्ज परत येतो : ‘कागदपत्रे अस्पष्ट’. दुरुस्त करून पुन्हा पाठवला की घड्याळ पुन्हा शून्यावर, असंच बहुतेक ठिकाणी धरलं जातं. एकाच अर्जात तीन वेळा तीन वेगळ्या त्रुटी निघाल्या, तरी मुदतभंग कागदावर दिसत नाही. माझ्या मते सगळ्या त्रुटी एकदाच, लेखी आणि ठरावीक दिवसांत कळवण्याचं बंधन घातल्याशिवाय ही पळवाट बुजणार नाही.

पुढची अडचण सहीची. दाखला डिजिटल सहीने निघतो. अधिकाऱ्याची बदली झाली आणि नव्या अधिकाऱ्याच्या डोंगलची (डिजिटल सही करायच्या यूएसबी उपकरणाची) नोंदणी व्हायची असली, की तपासून तयार असलेले अर्जही शेवटच्या टेबलावर पडून राहतात. इथे कारकुनावर ओरडून काही होत नाही.

अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अपील कुणाकडे व किती दिवसांत करायचं हेही कळवावं लागतं. पहिलं अपील ३० दिवसांत करायचं : नकार मिळाल्यापासून, किंवा काहीच उत्तर नसेल तर मुदत संपल्यापासून. ही दुसरी वाट लोक विसरतात. ‘अजून नाही म्हटलेलं नाही’ म्हणून वाट बघत बसतात आणि महिना निघून जातो. पहिल्या अपिलाचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा. तो मान्य नसेल तर मिळाल्यापासून ३० दिवसांत दुसरं अपील; निकालच आला नाही तर पहिलं अपील केल्यापासून ४५ दिवसांनंतर. दुसऱ्या अपिलाचा निकाल ४५ दिवसांत. त्यानंतर ६० दिवसांच्या आत राज्य लोकसेवा हक्क आयोग.

अपिलात गाऱ्हाणं लांबवू नये. अर्ज क्रमांक, पोचपावतीवरची तारीख, मुदत संपल्याची तारीख आणि काय हवं आहे, एवढं पुरे. पोच नसेल तर मात्र अपिलाला आधारच उरत नाही. म्हणून कागद देतानाच नोंदीचा एसएमएस येईपर्यंत खिडकी सोडू नये.

शास्तीचं गणित मला अर्धवट वाटतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, पण तो अर्जदाराच्या हाती येत नाही. कर्नाटकाच्या ‘सकाला’ या अशाच कायद्यात उशिराच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, थेट अर्जदाराला देण्याची सोय आहे. रक्कम किरकोळ आहे, पण ती द्यायची तर उशिराचे दिवस कार्यालयालाच मोजावे लागतात.