तिसरं उत्तर कुठे गेलं?

२^क्ष = क्ष². आज सोडवलेल्या एका उदाहरणात उत्तर होतं क्ष = २ आणि क्ष = ४. खाली दोन रेघा मारून विषय संपवलेला. दोन्ही उत्तरं बरोबर, पण तिसरं गायब!

ते कुठे हरवलं, ते एकाच ओळीत दिसतं. दोन्ही बाजूंचा लॉग घेतल्यावर उजवीकडे २ लॉग क्ष लिहिलं होतं. तिथे २ लॉग |क्ष| हवं. केवल मूल्याच्या (म्हणजे चिन्ह सोडून उरलेल्या किमतीच्या) त्या दोन उभ्या रेघा विसरल्या की सगळ्या ऋण संख्या आपोआप बाद होतात, कारण ऋण संख्येचा लॉग निघत नाही.

क्ष = −१ ठेवा: डावीकडे ०.५, उजवीकडे १. क्ष = ० ठेवा: डावीकडे १, उजवीकडे ०. म्हणजे मध्ये कुठेतरी दोन्ही बाजूंचे वक्र एकमेकांना छेदणारच. तेच तिसरं उत्तर, साधारण −०.७६७.

आलेख काढला असता तर हे लगेच दिसलं असतं. पण आलेखही फसवतो बरं का. उभा अक्ष १० पर्यंतच ठेवला, तर (४, १६) हा छेदनबिंदू चौकटीबाहेर राहतो आणि ४ हे उत्तर निसटतं. म्हणून मी तरी दोन्ही करायला सांगेन, आणि आलेख आधी.

तुम्ही आधी काय करता, लॉग की आलेख?