इतकी वर्षं कुठे होतात?

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाही. पाठीमुळे नाही, पाठ रोजचीच आहे. सकाळी डॉक्टर एक वाक्य बोलले, ते डोक्यातून जात नाहीये. स्क्रीनवर माझा एक्स-रे होता. त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "ताई, इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?"

रागावून नाही विचारलं. आवाज मऊ होता, म्हणूनच जास्त लागलं बहुतेक. मला उत्तर देता आलं नाही. पर्सची चेन उघडली, बंद केली. लेकीने माझा हात धरला तर तोही सोडवून घेतला. परळहून डोंबिवलीपर्यंत गाडीत तेच एक. कुठे होते मी?

इथेच तर होते. २००४ मध्ये कंबर पहिल्यांदा धरली तेव्हा स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे होते, त्यांनी कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांनी पट्टा दिला. तिसऱ्यांना लहानपणी वाकडा कणा सरळ करायला झालेल्या ऑपरेशनचा पाठीवरचा व्रण दाखवला तर म्हणाले, ऑपरेशन छान झालंय की, सळई जागच्या जागी आहे, मग दुखायचं कारणच काय? जणू मी सळईची चुगली करायला आले होते. एकांनी वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा मी ५१ किलोची होते. एक म्हणाले, पाळी जायच्या वयात असं होतंच. आणि एका गुडघ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायचा खर्चही लिहून दिला होता. दर वेळी मी फाइल घेऊन, रजा टाकून, नंबर लावून बसलेली होते. मग "कुठे होतात" म्हणजे काय?

आज त्यांनी मला उभं केलं. बाजूला येऊन उभे राहिले, समोर नाही. म्हणाले, "आता गुडघे ताठ करा." मला वाटलं ताठच आहेत. त्यांनी हाताने दाखवलं तेव्हा कळलं की मी वाकवून उभी होते. ताठ केले आणि माझं सगळं अंग पुढे गेलं. टेबल धरलं नसतं तर पडले असते.

किती वर्षं मी अशी गुडघे मोडून उभी आहे कोण जाणे. ओट्याशी कोपर टेकून पोळ्या लाटते, भाजीला जाताना चाकांची पिशवी नेते कारण तिच्यावर भार टाकला की बरं वाटतं. गेल्या वर्षी गणपतीत आरतीला फ्रिजला टेकून उभी होते. वहिनी म्हणाली, दमलात का? हो म्हटलं. दमणं हा शब्द किती कामाला आला मला.

त्यांनी समजावून सांगितलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या अर्धं विसरेन. माझ्या पाठीत आहे तो हॅरिंग्टन रॉड. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन म्हणून डॉक्टर होते, पोलिओमुळे पाठी वाकलेल्या मुलांसाठी त्यांनी तो बनवला आणि १९६२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. वर एक हूक, खाली एक हूक, मध्ये स्टेनलेस स्टीलची सळई. मोटारीचा जॅक चढवतात तसा दात दात करत कणा ताणायचा आणि त्यावर कमरेचं हाड खरवडून पेरायचं, की सगळे मणके एकमेकांत जुळून एक हाड होतं. समोरून बघितलं तर कणा सरळ. पण बाजूने बघितलं तर माणसाच्या कमरेला आतल्या बाजूला एक खोलगट वळण असतं, ते असायलाच हवं. ताणताना तेही सपाट झालं. त्याला ते फ्लॅटबॅक म्हणतात. मग अंग पुढे झुकतं आणि तोल सांभाळायला माणूस नकळत गुडघे वाकवतो. सळई जितकी खाली गेलेली तितकं ते जास्त. माझी कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत आहे. म्हणजे पाठीचं सगळं वाकणं, वळणं, पेलणं मणक्यांमधल्या सगळ्यात खालच्या दोन चकत्यांवर. बेचाळीस वर्षं त्या दोघींनी सांभाळून घेतलं. आता झिजल्या.

"त्या काळी समोरून सरळ झालं की झालं असं धरायचे," ते म्हणाले. "बाजूचा विचार नंतर आला."

तरुणपणी खालच्या चकत्या धड असतात, म्हणून काही कळत नाही म्हणे. त्रास वीस-पंचवीस वर्षांनी सुरू होतो. तोवर ऑपरेशन करणारे डॉक्टर निवृत्त झालेले, किंवा नाहीत. आणि आपण बरे झालेलो म्हणून नाव कधीच कापलं गेलेलं.

ऑपरेशन १९८३ चं. मी चौदा वर्षांची. त्याआधी हाजीअलीच्या संस्थेत बनवलेला ब्रेस, हनुवटीखाली कडं असलेला, तो घालून लालबागच्या चाळीत जिने चढायचे. मुळात लक्षात आलं ते शिंप्याच्या. शाळेच्या फ्रॉकचं माप घेताना तो आईला म्हणाला, एका बाजूला अर्धा इंच जास्त लागतंय बाई. त्या दिवसापासून "सरळ उभी राहा" हे वाक्य माझ्या नावासारखं झालं. आईला वाटायचं मी पोक काढते म्हणून हे झालं. तिला अजून तसंच वाटतं की काय कोण जाणे.

गिरण्यांचा संप चालू होता. अण्णा घरी बसून. सळईचे पैसे कुठून आणले ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या मध्येच पेशंटला अर्धवट जागं करून पाय हलवायला सांगायचे, ताणताना मज्जारज्जूला धक्का लागला नाही ना ते बघायला. ही पद्धतच होती तेव्हा. "पाय हलव बाळा" असा एक बाईचा आवाज मला आठवतो. आठवतो की नंतर कुणी सांगितलं म्हणून आठवतो असं वाटतं, हे ठरवता येत नाही. मग छातीपासून कमरेखालपर्यंत प्लास्टर, सात महिने, त्यात एक पूर्ण मे महिना. आत खाज सुटली की आईची विणायची सुई. पण प्लास्टर कापलं त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहिले आणि आईपेक्षा उंच होते. तो आनंद खरा होता. आज त्याच्यावर कुणी पाणी टाकावं असं मला नाही वाटत.

लग्नाच्या वेळी पाठीचं सांगायचं की नाही यावरून घरात जे झालं ते आज नको.

आज पुन्हा तोच प्रश्न आला, जुने कागद? कागद नाहीत. त्या हॉस्पिटलमध्ये मी दोनदा जाऊन आले. खिडकीवरचा मुलगा बिचारा खरंच हसू आवरत म्हणाला, त्र्याऐंशीचं? आताच्या नियमाने तीन वर्षं कागद ठेवायचे असतात, मग बेचाळीस वर्षांपूर्वीचे कोण ठेवणार. आणि घरच्या फिल्म्स? ऑक्टोबर १९९५, दिवाळीतलं ते सूर्यग्रहण. दादाने चाळीतल्या पोरांसाठी माझे एक्स-रे कात्रीने कापून वाटले. एक्स-रेमधून ग्रहण बघू नये, डोळे जातात, हे तेव्हा कुणाला माहीत होतं. गच्चीवर रांगेने पोरं उभी आणि प्रत्येकाच्या डोळ्यापुढे माझे दोन-दोन मणके. उरलेल्या फिल्म्स भंगारवाल्याने नेल्या, त्यातली चांदी काढतात म्हणून भाव चांगला मिळाला. मी त्या वेळी माहेरीच होते, मीही बघितलं ग्रहण. मला वाटलं, आता कशाला लागणार.

पुढच्याच वर्षी लागले. लेकीच्या वेळी सिझर करायचं ठरलं तर भूलतज्ज्ञ पाठीत सुई घालायला तयार होईनात, आत काय कुठवर आहे त्याचा कागद दाखवा म्हणाले. पूर्ण भूल द्यावी लागली. तिचं पहिलं रडणं मी ऐकलेलं नाही.

आणि गेल्या वर्षी एमआरआयच्या सेंटरवर, कोणता धातू, कोणत्या कंपनीचा, कार्ड दाखवा. परत पाठवलं. दुसरीकडे केला तेव्हा सळईच्या आजूबाजूला नुसता काळा डाग, वाचता येईना.

खरं तर या डॉक्टरांपर्यंत पोचले ती फिजिओथेरपीच्या मुलीमुळे. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिने पाच मिनिटं मला पालथं, उताणं करून बघितलं आणि व्यायाम न देताच म्हणाली, "काकू, हे माझ्या हातातलं नाही. पाठीचे डॉक्टर नका शोधू, पुष्कळ आहेत. मोठ्या माणसांच्या कण्याचं व्यंग बघणारे आणि जुनी ऑपरेशन्स पुन्हा उघडणारे शोधा. आणि पहिला प्रश्न हाच विचारा, अशी किती करता?" मला हे वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं, म्हटलं की मला मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवायचे, आणि तिथे चौदा वर्षांच्या मुलींच्या रांगेत मी, आजी वाटावी अशी. कंबर म्हटलं की कमरेच्या डॉक्टरांकडे, ते वरची सळई बघून हात आखडायचे. मधल्या कुणाचं नावच नव्हतं माझ्याकडे.

मी आज विचारला तो प्रश्न. घाबरत विचारला. डॉक्टरांना राग आला नाही. किती करतात ते सांगितलं आणि त्यातल्या किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं तेही न विचारता सांगितलं. तिथेच माझा जीव थोडा बसला.

ऑपरेशन लगेच नाही. केलंच तर जुळलेल्या हाडातून मागच्या बाजूने पाचर काढायची, कमरेला पुन्हा वळण द्यायचं, स्क्रू थेट ओटीपोटाच्या हाडापर्यंत. आठ-दहा तास. धोका थोडाथोडका नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आधी हाडांची घनता, नसेजवळचं एक इंजेक्शन, मांड्यांचे-कुल्ल्यांचे व्यायाम, आणि उभ्याने डोक्यापासून पायापर्यंतचा एक लांब एक्स-रे. बाजूने. माझ्या पाठीचा बाजूने उभा एक्स-रे आजवर कुणी काढलाच नव्हता. सगळे झोपवून काढलेले. झोपल्यावर कोण पुढे झुकतं?

मघाशी हे लिहिता लिहिता रडले. गुडघे बदलून घेतले असते तर, हा विचार आला आणि थांबेचना. मग पाणी प्यायले आणि वाटलं, ते वाक्य त्यांनी फक्त मला विचारलं नसेल. सत्तर-ऐंशीच्या दशकात सळया घातलेल्या माझ्यासारख्या कितीतरी मुली असतील. सगळ्या आता पन्नाशी-साठीच्या. त्या कुठे आहेत? त्याही कुणाच्या तरी दवाखान्यात कॅल्शियम घेत असतील, दमले म्हणत असतील. आज संध्याकाळी स्टेशनच्या पुलावरून उतरताना मी प्रत्येक बाईकडे बाजूने बघत होते. एक होती. कठडा धरून, गुडघे मोडून, मान वर उचललेली. थांबवून विचारावं असं फार वाटलं. गर्दीत गेली.

सळईवर राग नाही. ५८ अंशांचा बाक तसाच वाढत राहिला असता तर आज श्वासाचं काय झालं असतं, तेही डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा ऑपरेशन करणाऱ्यांनी त्यांच्या वेळचं उत्तम ते केलं माझ्यासाठी. राग आहे तो मधल्या एकवीस वर्षांचा. तो लगेच जाणार नाही, आणि जावा असा माझा हट्टही नाही. पण उत्तर द्यायचं ठरवलंय. वहीच्या मागच्या पानावर सालं लिहिली, २००४ पासून. कोणाकडे गेले, काय म्हणाले, काय दिलं. पुढच्या मंगळवारी या डॉक्टरांच्या हातात देणार. कुठे होते ते त्यात आहे.

एक्स-रेला कसं उभं राहायचं ते तिथल्या बाईने दाखवलं होतं. गुडघे ताठ, दोन्ही मुठी गळ्याखालच्या हाडावर, नजर समोर. आत्ता पॅसेजमध्ये करून बघत होते तर लेक उठून आली. काय करतेस गं? म्हटलं, टाचा भिंतीला लावते, तू बाजूने बघ आणि डोकं भिंतीपासून किती लांब आहे ते सांग. ती बराच वेळ बघत राहिली. मग पंजा फाकवून माझ्या डोक्याच्या मागे धरला.

एक वीत आणि वर दोन बोटं. तेही वहीत लिहिलंय.