तुम्ही स्टेप्सचं बघा

रात्रीचे पावणेदोन. गुडघा ठणकतोय, झोपेचा पत्ता नाही.

आज नाटकाच्या तालमीत तिसऱ्या सीनला मी एवढंच म्हटलं की ती बातमी ऐकल्यावर सीनमधल्या त्या बाईने उभं राहून नको बोलायला, खुर्चीतच बसलेली असू दे, एक पाय वर घेऊन, म्हणजे अंगातलं बळ गेलंय हे वेगळं दाखवायला नको. तर दिग्दर्शक साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही स्टेप्सचं बघा ना, सीनचं आम्ही बघतो." सगळे हसले. कुजकं नाही हां, नेहमीसारखंच आपलं. आणि मी पण हसले! का हसले मी? बावीस वर्षं पोरांचे नाच बसवतेय आणि अजून कोणी असं बोललं की माझे दात आपोआप बाहेर येतात.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. आईचा फोन येऊन गेला होता, तोही नाही केला परत. उद्या बघू.

मग बॉब फॉसी लावून बसले, नाच बसवता बसवता दिग्दर्शक झालेला तो अमेरिकन. दुखलं की मी तेच करते. हा माणूस १९५३ मध्ये हॉलिवूडला गेला तो हिरो व्हायला, दुसरा फ्रेड अस्टेअर व्हायला, म्हणजे तिथला नाचणारा हिरो. डोक्यावरचे केस चाललेले, पावलं आत वळलेली, कोण करणार ह्याला हिरो! 'किस मी केट'मध्ये कॅरोल हेनीबरोबर एखाद मिनिटाचा तुकडा मिळाला, तेवढाच त्याने स्वतः बसवला. आखूड, आत खेचून घेतलेलं अंग, बाकीच्या सिनेमात कुठेच नाही असलं काहीतरी. त्या एका मिनिटावर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचं 'पजामा गेम' हे नाटक मिळालं १९५४ ला. काळे सूट आणि गोल टोप्या घातलेले तिघं जण, बास, लोक वेडे झाले. टोपी का तर टक्कल पडत होतं म्हणून. पावलं आत का तर मुळातच आत म्हणून. आणि मी तिसऱ्या रांगेतल्या त्या पोराला रोज काय ओरडते? जाऊ दे.

पण तरी तोही स्टेप्सवालाच ना. दिग्दर्शनाला पहिला सिनेमा मिळाला 'स्वीट चॅरिटी', १९६९, ब्रॉडवेवर त्यानेच गाजवलेलं नाटक, आणि सिनेमा आपटला. खरं सांगायचं तर मला पण तो पूर्ण बघवत नाही, कॅमेरा नुसता झूम करत सुटलाय. तेव्हा स्टुडिओत कोणीतरी म्हणालंच असेल की नाचवाल्याने नाच बसवावेत. आणि हा हसला असेल का तेव्हा? मला तेवढंच कळायला हवंय.

मग 'कॅबरे', नाझी वर येत होते तेव्हाच्या बर्लिनमधल्या एका नाइटक्लबची गोष्ट. शूटिंग म्युनिकला, १९७१. मूळ नाटकात माणसं घरीदारी गातात, ह्याने बाहेरची गाणी काढून टाकली आणि जवळजवळ सगळं गाणं-बजावणं त्या क्लबच्या स्टेजवर नेऊन ठेवलं, बागेतलं ते एक अंगावर काटा आणणारं सोडून. हिरॉइन लायझा मिनेली खुर्चीवर पाय टाकून नाचते ते सगळ्यांना आठवतं. मी मात्र आज दुसराच तुकडा चारदा बघितला. स्टेजवर मांड्यांवर, गालांवर चापट्या मारत बव्हेरियन नाच चाललाय, लोक खिदळतायत, आणि त्याच्या मध्ये मध्ये कापून घातलंय की बाहेर नाझी पोरं क्लबच्या माणसाला लाथाबुक्क्यांनी तुडवतायत. इकडे चापट, तिकडे गुद्दा, ताल तोच. नंतर नंतर तर कुठली थाप कुठली आहे कळत नाही आणि आपण इतका वेळ ठेका धरून बसलोय ह्याचीच लाज वाटते. एडिटर दुसरा होता, डेव्हिड ब्रेदरटन, त्यालाही ऑस्कर मिळालं, पण हे सुचायला आयुष्यभर पाच-सहा-सात-आठ मोजलेलं लागतं. सीन आणि स्टेप्स वेगळे असतात होय? साहेबांना पाठवणार होते लिंक. टाइप केलं, खोडलं.

आणि १९७३! २५ मार्चला 'पिपिन' नाटकासाठी दोन टोनी, म्हणजे ब्रॉडवेची बक्षिसं, २७ मार्चला दिग्दर्शनाचं ऑस्कर, तेही समोर 'गॉडफादर'चा कपोला असताना, आणि मे महिन्यात लायझाच्या टीव्ही शोसाठी एमी, ते टीव्हीचं बक्षीस. एका वर्षात तिन्ही. माझ्या हातात हे असतं तर मी सोसायटीच्या गेटवर बोर्ड लावला असता. ह्याने काय केलं, डिप्रेशन येऊन दवाखान्यात भरती झाला. पुढच्या वर्षी एकीकडे 'लेनी' सिनेमाचं एडिटिंग, दुसरीकडे 'शिकागो' नाटकाच्या तालमी, सिगरेट चालूच, मग बायपास. त्या ऑपरेशनचाही त्याने नाच बसवला, 'ऑल दॅट जॅझ' सिनेमात, आणि कान महोत्सवात १९८० ला जपानच्या कुरोसावाच्या बरोबरीने पाम द'ऑर घेतलं, तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस.

म्हणजे उद्या साहेबांनी माझं ऐकलं तरी ही ठसठस थांबणार नाही की काय? बरंच आहे मग, त्यांना दोष द्यायला नको. (देणार आहे तरी.)

आणि फॉसीही काही देव नव्हता. ग्वेन व्हर्डन, बायको, स्वतः केवढी स्टार, दोघं वेगळी व्हायच्या मार्गावर असताना सुद्धा ती 'कॅबरे'च्या वेळी म्युनिकला मदतीला गेली, त्यातल्या एका गाण्यातल्या गोरिलाचा मनासारखा ड्रेस मिळेना तर तो आणायला न्यूयॉर्कला जाऊन आली. टायटल्समध्ये तिचं नाव नाही. तिला काय म्हणाला असेल तो, "तू गोरिलाचं बघ"? आणि ती हसली असेल. आमच्या साडीवाल्या काकूंचं नाव गेल्या वर्षी मी निवेदनात विसरले होते ते आत्ता आठवलं, रात्री दोन वाजता. छान.

२३ सप्टेंबर १९८७ ला गेला तो, वॉशिंग्टनला, साठाव्या वर्षी. त्याच 'स्वीट चॅरिटी'च्या नव्या प्रयोगाची ओपनिंग नाइट होती आणि रस्त्यात कोसळला तेव्हा बरोबर ग्वेनच होती. मृत्युपत्रात ६६ जणांसाठी २५,००० डॉलर ठेवलेले, माझ्या पैशाने जेवा म्हणून. माणशी पावणेचारशेच्या वर. हे मात्र मला फार आवडतं. मी पण लिहून ठेवणारे, माझ्या माघारी सगळ्या ग्रुपने माझ्या खर्चाने मिसळ खायची. साहेबांनाही बोलवा. एक्स्ट्रा पाव त्यांनी स्वतःच्या पैशाने घ्यावा.

सव्वादोन झाले. सकाळी काकूंना फोन करायचाय.

तिसऱ्या सीनला ती बसायलाच हवी पण.