चिखलातल्या फुटबॉलसाठी स्टड जमवताना : माझा अनुभव

ओल्या, चिखल झालेल्या मैदानावर बुटांनी खेळात फरक पडतो का? पडतो, आणि चांगलाच पडतो. पण तो बुटाच्या किमतीने किंवा कंपनीच्या नावाने पडत नाही, तळाच्या स्टडने, म्हणजे जमिनीत रुतणाऱ्या खुंट्यांनी पडतो. बूट निवडणं, मापाचे घेणं, पायात रुळवणं हे सगळं सरळ झालं. घोडं अडलं ते सुट्या स्टडपाशी. अजून त्याचा राग गेलेला नाही, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितो. पुढच्या जूनमध्ये कुणाचा तरी वेळ वाचेल.

मुंबईत क्रॉस मैदान, आझाद मैदान अशा ठिकाणी फुटबॉल खेळताना पायाखाली क्रिकेटच्या खेळपट्ट्याही येतात. खेळपट्टीची माती चिकण आणि रोलरने दाबलेली. पावसात तिचा वरचा पापुद्रा साबण लावल्यासारखा निसरडा होतो, पण थोडं खाली ती घट्टच असते. बाजूच्या गवताळ पट्ट्यात मात्र गाळ खोलवर. स्टडचं काम एकच : वरचा निसरडा थर भेदून खालच्या घट्ट मातीत रुतायचं. थर जितका जाड, तितका स्टड लांब हवा. लांबी पुरली नाही तर स्टड गाळातच तरंगतो आणि वळताना टेकवलेला पाय निसटतो.

दुकानात सहज मिळतात ते फर्म ग्राउंडचे (कोरड्या, टणक मैदानाचे), म्हणजे साच्यातच पक्के केलेले स्टड असलेले बूट. हे स्टड आखूड, साधारण १० मिलिमीटरच्या आसपास, आणि संख्येने जास्त. त्यांच्यामधल्या अरुंद फटींत चिकणमाती गच्च बसली की तळवा सपाट होतो. मग स्टड असून नसल्यासारखेच, वर पाय जड होतो तो वेगळाच. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, वापरतात ते बारीक गुठळ्यांचे बूट तर चिखलात घालूच नयेत. सॉफ्ट ग्राउंडच्या, म्हणजे ओल्या, मऊ मैदानाच्या, बुटाला बहुतेक वेळा सहाच स्टड असतात : चवड्याखाली चार, टाचेखाली दोन. पुढचे साधारण १३ मिलिमीटर, मागचे १५ किंवा १६. स्टड कमी आणि लांब लांब असल्यामुळे चिखल अडकत नाही, पाय उचलला की गळून पडतो. शिवाय ते आट्यांचे असतात, म्हणजे मैदान बघून बदलता येतात. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नला पाऊस लागला, तेव्हा पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या बुटांना आदिदासचे संस्थापक आडी डास्लर यांनी असेच लांब स्टड लावून दिले होते. जर्मनी ३-२ जिंकली.

आता मुख्य अडचण. बुटासोबत स्टडचा एकच संच आला. ते झिजतात, सैल होऊन चिखलात हरवतात. एक जरी गेला तरी त्या बाजूला पाय कलतो आणि उरलेल्या स्टडवरचा दाब तळव्याला टोचायला लागतो. म्हणजे जादा संच हवाच. धोबी तलावला खेळसाहित्याची दुकानं आहेत, पण तिथेही बूट हवे तितके आणि सुटे स्टड विचारले की नकारघंटा. एका दुकानात ‘कुठल्याही बुटाला चालतील’ म्हणून पाकीट पुढे केलं. आटे तपासायला एक स्टड बाहेर काढू द्या म्हटलं, तर पाकीट फोडलं की घ्यावंच लागेल हे उत्तर. बसतात की नाही हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि लावून पाहिलं की माल परत नाही!

ऑनलाइन तीच कथा. पानावर ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं, लांबी १६ मिलिमीटर. पाकीट आलं त्यात ती १६ मिलिमीटर आट्यांसकट मोजलेली होती, म्हणजे जमिनीत जाणारा भाग कितीतरी आखूड. त्यातून आटे बारीक. बुटाच्या भोकात स्टड नुसता लुटलुटत होता. परत करायला गेलो तर ‘उघडलेलं उत्पादन’ म्हणून अर्ज नाकारला. फोटो पाठवा, मग पाकिटाचा फोटो पाठवा, मग बुटाचा फोटो पाठवा, मग थांबा. दर वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून तीच विचारणा. इकडे पाऊस पडतोय, सामने चाललेत आणि बूट कपाटात. दहा ग्रॅमच्या वस्तूसाठी इतकी वाट बघायला लावणं मला आजही पटत नाही. विकणाऱ्याने आट्यांचा व्यास आणि आट्यांशिवायची लांबी एवढे दोन आकडे छापले असते तर हा सगळा खेळ झालाच नसता.

यातून सुटका झाली ती हार्डवेअरच्या दुकानात. स्टडच्या आट्यांचा व्यास कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो. ५ आणि ६ मिलिमीटर ही दोन्ही मापं आढळतात. नट-बोल्टच्या दुकानातून दोन्ही मापांचा एकेक नट आणि एकेक बोल्ट घ्यायचा. बुटातला जुना स्टड काढून नटात फिरवायचा. ज्या नटात तो बोटांनी, जोर न लावता, शेवटपर्यंत जातो ते आपलं माप. स्टड हरवलाच असेल तर बोल्ट बुटाच्या भोकात हलकेच फिरवून बघायचा. नट खिशात ठेवून दुकानात जायचं आणि पाकिटातल्या पारदर्शक कागदातून का होईना, आट्यांशी ताडून बघायचा. पट्टीने मोजताना फक्त बाहेर राहणारा भाग मोजा. आणि स्टड १८ मिलिमीटर किंवा त्याहून लांब दिसले तर थांबा. ते बहुधा रग्बीचे असतात.

न बसणारा स्टड पान्याने दामटून बसवू नका. आटे आडवे चढतात आणि बुटाच्या तळातली धातूची बैठक खराब होते. ती बदलता येत नाही, मग बूटच गेला. आधी भोकातली माती टाचणीने काढायची, आट्यांना किंचित व्हॅसलीन लावायचं म्हणजे गंज धरत नाही, पहिले दोन-तीन फेरे हातानेच द्यायचे आणि शेवटचं आवळणं तेवढं पान्याने. वॉर्म-अप झाल्यावर पुन्हा एकदा आवळा, कारण स्टड सुटतात ते बहुतेक तेव्हाच. पाना आणि जादा स्टड राखीव खेळाडूंच्या बाकावर असू द्या, पिशवीच्या तळाशी नकोत. सामना चालू असताना बूट दुरुस्त करायला बाहेर गेलात तर पंचांनी बूट तपासून परवानगी दिल्याशिवाय आत येता येत नाही, आणि तेवढा वेळ संघ दहा जणांवर खेळतो.

पंच सामन्याआधीही तळ बघतात. डांबरी रस्त्यावरून किंवा सिमेंटवरून धातूचे स्टड घालून चाललं की कडा झिजून धारदार होतात, आणि धार असलेला स्टड समोरच्याची नडगी फाडतो. मैदानाच्या कडेलाच बूट चढवा. बोट फिरवून धार लागली तर बारीक कानस मारा, फारच झिजला असेल तर टाकून द्या.

दोन-तीन दिवस ऊन पडून मैदान कडक झालं की लांब स्टड काढायचे, हे मी आग्रहाने सांगेन. कडक जमिनीत ते पूर्ण रुतत नाहीत, सगळं वजन सहा टोकांवर येतं आणि तळवा दुखतो. अर्धवट वाळलेल्या मातीत याच्या उलट : पाय घट्ट धरला जातो, शरीर वळतं आणि पीळ गुडघ्यावर येतो. अशा दिवशी फर्म ग्राउंडचे बूटच बरे.

चिखल चिकटू नये म्हणून तळाला, फक्त तळाला, खाद्यतेलाचं बोट फिरवलं तरी फरक पडतो. मध्यंतरात आइसक्रीमच्या काडीने फटी साफ करायच्या, मोजे बदलायचे. मोजे सुती नकोत. पाणी धरतात आणि टाचेला फोड आणतात. चामड्याचा बूट भिजला की सैलावतो, म्हणून घेताना अंगासरशी घ्या. नाडी तळाखालून गुंडाळू नका, तिथे चिखल अडकतो; दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा.

घरी आल्यावर बूट नळाखाली धुवा, आतला तळ काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला. पंख्याखालीच वाळवा. हेअर ड्रायरने किंवा गॅसजवळ ठेवल्याने तळाचा गोंद सुटतो. जुलैच्या दमट हवेत एका रात्रीत बूट वाळत नाहीत, त्यामुळे लागोपाठ सामने असतील तर दुसरा जोड लागतोच.

पायावर जखम असताना साचलेल्या पाण्यात खेळणं झालं असेल तर साबणाने पाय धुऊन ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा आजार) प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, ते तेच ठरवतील. आणि सुटे स्टड मे महिन्यातच घेऊन ठेवा, एका जोडाला निदान दोन संच.