दांडिया बाजार ते कोंब्रे

बडोद्यात वाशी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी घरातले सगळे गच्चीवर पतंगात दंग होते, तेव्हा मी खाली बसून मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकाच्या ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ या सात खंडांच्या कादंबरीचं पहिलं पान तिसऱ्यांदा उघडलं. आधी दोनदा ती हातून सुटली होती. एकदा कॉलेजात असताना, एकदा लेक लहान असताना, आणि दोन्ही वेळा साधारण त्याच जागी. सांगणारा अंथरुणात पडलाय, धड झोपलेला नाही की जागा नाही, आणि पानामागून पान हेच चाललंय. एका प्रकाशकाने हस्तलिखित नाकारताना लिहिलं होतं की, झोप लागण्याआधी माणूस या कुशीवरून त्या कुशीवर कसा वळतो हे सांगायला तीस पानं कशाला लागतात? शेवटी १९१३ मध्ये पहिला खंड प्रूस्तने स्वतःच्या खर्चाने छापून आणला. सात खंड पुरे व्हायला १९२७ उजाडलं, आणि तो तर १९२२ मध्येच गेला होता.

या वेळी मी नेम धरला. सकाळी साडेपाचला उठायचं, चहा ठेवायचा, दहा पानं वाचायची. जास्त नाही, कमीही नाही. मी इंग्रजी अनुवाद वाचत होते, आणि त्यातलं एक वाक्य कधीकधी अख्खं पान खातं. सुरुवातीला वाक्याच्या मध्यावर पोचेपर्यंत आरंभ विसरायचा. मग एक वही केली. मोठं वाक्य आलं की आधी त्यातलं मुख्य क्रियापद शोधायचं, आणि बाकीचं मराठीत ‘जो-तो, जेव्हा-तेव्हा’ करत सुटं मांडायचं. महिन्याभरात वहीची गरज कमी झाली. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत धीर धरायची सवय आपल्याला असतेच. ती मला इथे फार उपयोगी पडली. वहीच्या मागच्या पानांवर माणसांची नावं घराण्यांप्रमाणे लिहिली, कारण पहिल्या खंडात ओझरता भेटलेला माणूस चौथ्यात येऊन पान अडवून बसतो.

रविवारी मात्र मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसायचे. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोद्यात ग्रंथालयांची घडी बसवली. पुस्तकांच्या दालनात जमीन काचेची आहे. लहानपणी बाबांचा हात धरून त्या कपाटांमध्ये उभी असताना वरून कोणी चालत गेलं की मी मान वर करून बघत राहायचे. प्रूस्त पॅरिसमध्ये दम्याने बेजार होऊन बुचाच्या पट्ट्या लावलेल्या खोलीत ही कादंबरी लिहायला लागला, तो काळ साधारण हाच. वाचता वाचता हे मनात यायचं आणि कादंबरीतलं गाव मला जवळचं वाटायचं.

गाव म्हणजे कोंब्रे. सुट्टीत तिथे आलेला एक मुलगा, म्हणजे लहानपणीचा तो सांगणारा, ज्याला आईने वर येऊन पापा घेतल्याशिवाय झोप येत नाही. शेजारचा स्वान जेवायला आला की त्या रात्री आई वर येणार नाही, हे त्याला बागेच्या दाराची घंटा वाजली की कळतं. ती पानं वाचताना माझ्या पोटात कालवत होतं. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारं दुःख त्याने मोठ्यांच्या दुःखाइतकंच वजन देऊन लिहिलंय.

चहात बुडवलेल्या मादलेनचा, म्हणजे छोट्या फ्रेंच केकचा, प्रसंग सगळ्यांना ऐकून माहीत असतो: त्या चवीसरशी सांगणाऱ्याला लहानपणीचं कोंब्रे आठवतं. मीही एका सकाळी नानखटाई चहात बुडवून बघितली. काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं. त्यानेच तिथे लिहून ठेवलंय की दुसऱ्या घोटात पहिल्याहून अधिक काही मिळत नाही, तिसऱ्यात तर कमीच. मुद्दाम आठवायला बसलं की हाती लागतं ते आपल्याला आधीच ठाऊक असलेलं.

मला जे सांगायचंय ते चौथ्या खंडातलं आहे, आणि त्यासाठी आधी माझ्या घरातलं सांगायला हवं.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ओटीवर झोपाळा होता. आजी गेली तेव्हा मी रडले नाही. दिवस झाले, भांडी वाटली, झोपाळा उतरवून विकला, तरी नाही. आईने विचारलंही, ‘तुला काहीच कसं वाटत नाही गं?’ सहा वर्षांनी, फ्लॅटमध्ये दाराची बिजागरी कुरकुरत होती म्हणून स्टुलावर चढले आणि कापसाच्या बोळ्याने तेल लावायला हात वर केला. तेल बोटांवरून मनगटावर आलं, तिथून कोपराकडे ओघळलं. त्या ओघळासरशी आजी उभी राहिली: झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालायला स्टुलावर चढलेली, काष्टा आवरून, आणि मी दोन्ही हातांनी स्टूल धरलेलं. कोपरापर्यंत आलेलं तेल ती निपटून माझ्या डोक्यावर चोळायची. ‘वाया कशाला घालवायचं?’ मी तिथेच स्टुलावर बसून रडले. आजी गेली हे मला त्या दिवशी कळलं. कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की बिजागरीला तेल घालताना रडू आलं?

तिसऱ्या खंडात सांगणाऱ्याची आजी जाते. चौथ्यात, वर्ष उलटून गेल्यावर, तो बालबेक या समुद्रकाठच्या गावी हॉटेलात थकून पोचतो, बूट काढायला वाकतो, आणि पहिल्या वेळी याच हॉटेलात वाकून त्याचे बूट काढणारी आजी त्याला दिसते. ती गेली हे त्याला तेव्हा उमगतं. पुढे घरातल्या मोलकरणीकडून, फ्रांस्वाजकडून, कळतं की आजीने फोटो काढून घेतला तेव्हा ती आजारी होती, आणि चेहऱ्यावर ते दिसू नये म्हणून तिने हॅट घातली होती. तेव्हा हा तिच्या नटण्यावर चिडला होता. या प्रकरणाचं नाव मी वहीत ‘हृदयातले खंड’ (खंड म्हणजे मध्येच पडणारा खंड, पुस्तकाचा नव्हे) असं लिहिलंय, आणि हेच नाव सबंध कादंबरीला द्यायचंही एकेकाळी त्याच्या मनात होतं. त्या सकाळी माझी दहा पानं झाली नाहीत. तीनच झाली. आईच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांनी एका परक्या माणसाने माझ्या वतीने दिलं होतं.

पाचवा आणि सहावा खंड जड गेले. सांगणाऱ्याच्या प्रेयसीवरच्या, अल्बर्तीनवरच्या, संशयाची शेकडो पानं आहेत, आणि त्यांच्यावरून शेवटचा हात फिरवायला लेखकच उरला नव्हता. कादंबरीतला डॉक्टर कोतार वारल्याचं वाचलं आणि पुढे तोच बोलताना भेटला. तरी इथे सोडू नका, इतकंच सांगेन. शेवटच्या खंडात म्हातारपणाकडे झुकलेला तो सांगणारा एका समारंभात उभा असतो, आणि त्याला आतून कोंब्रेच्या दाराची ती घंटा ऐकू येते, स्वान गेला आणि आता आई वर येणार हे सांगणारी. ती इतकी वर्षं वाजायची थांबलेलीच नव्हती.

मार्चमध्ये, चौदा महिन्यांनी, पुस्तक मिटलं तेव्हा सात वाजले होते. मी रावपुऱ्यात आत्याला फोन लावला. तिला पुस्तकाचं काही सांगितलं नाही. विचारलं, ‘आत्या, आजी झोपाळ्याच्या कड्यांना कुठलं तेल घालायची गं?’

‘एरंडेल,’ ती लगेच म्हणाली. ‘आणि उरलेलं तुझ्या टाळूवर. तू पळायचीस, मी धरून आणायचे.’

आत्या तिथे असायची, हे मला आठवत नव्हतं.